फ्लेक्सवरचा नुमान

बेल्ह्याच्या बैलबाजारात नाल ठोकायला बैल आडवा पाडावा तो इस्माईल नालबंदानंच. साठी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते, पण त्यानं दोरीचा फास टाकला की भलाभला बैल मुकाट जमिनीवर यायचा. हाताला कसब होतं, तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी त्यानं जन्मभर दुसऱ्यांचे फ्लेक्स पाहिले. सरपंचाचा, पैलवानाचा, एकदा तर कुणाच्या लाडक्या कुत्र्याच्या वाढदिवसाचा. आपला फोटो कुठंच लागला नाही, हे त्याच्या मनाला फार लागलेलं होतं.

नुमान दोन वर्षांपूर्वी आला. तिशीतला, म्यानमारचा रोहिंग्या. गाव जळल्यावर बांगलादेशातली छावणी, तिथून दिल्ली, तिथून एका टेम्पोत बसून इथं. इस्माईलच्या बायकोनं, ताजबीनं, त्याला जेवायला वाढलं आणि तो राहिलाच. लोकांना सांगितलं, ‘मालेगावचा भाचा हाय.’ बैलाचे पाय आवळून धरण्यात तो असा तयार झाला की इस्माईलला दुसरं कुणी चालेना.

त्याच्याजवळ संयुक्त राष्ट्रांचं निर्वासिताचं कार्ड होतं. ते दाखवून पोलिसांच्या हातून कधी सुटका व्हायची, कधी नाही. दिल्लीतल्या खोलीतला त्याचा जोडीदार असाच एका सकाळी उचलला गेला, नंतर त्याचा फोन लागलाच नाही. म्हणून कुणी फोटोसाठी मोबाईल वर धरला की नुमान तोंड फिरवायचा.

एकदा जेवताना ताजबीनं विचारलं, ‘‘तुमच्यासारख्यांना ठेवतं तरी कोण रे?’’

‘‘शेजारी ठेवतात, चाची. आमाला बांगलादेशनं, अफगाण्यांना इराण-पाकिस्ताननं. तिकडं आफ्रिकेत युगांडानं. लांबचे मोठे देश कायमचं घर देतात, पण निवडून. शंभरात एकाचा पण नंबर लागत न्हाई. अमेरिकेनं तर आता दार लावलंय.’’

‘‘म्हंजे ज्याच्या घरात जागा कमी, त्याच्याच वट्यावर गर्दी,’’ ताजबी म्हणाली आणि तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

त्याची सगळी आशा कॅनडावर होती. तिथं कायमचं घर मिळण्यासाठीची मुलाखत झाली होती. निरोप येईपर्यंत कुणाच्या नजरेत यायचं नाही, एवढंच सांभाळायचं होतं.

आणि तेवढंच इस्माईलला सांभाळता आलं नाही.

बोरी बुद्रुकच्या धर्माजीचा शर्यतीचा बैल खुरानं अधू झाला होता. नुमाननं त्याचा खूर धुऊन, लेप लावून त्याला उभं केलं. लोणीच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, तोच बैल पहिला आला. धर्माजी गुलालानं माखूनच बाजारात आला. ‘‘इस्माईलभाऊ, फ्लेक्स करतोय. तुमी आन् तुमचा भाचा मधोमध! फोटो द्या राव.’’

इस्माईलची छाती फुगली. फोटो मोबाईलमध्ये होता, नुमानच्या नकळत काढलेला. तो देताना जीभही सैल सुटली. ‘‘भाचा कसला? पार ब्रह्मदेशातनं आलाय माज्याकडं!’’

पुढच्या बाजाराला फ्लेक्स झळकला. बैल, गुलाल, इस्माईल आणि शेजारी नुमान. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘मा. नुमानभाऊ, ब्रह्मदेश’. धर्माजीला परदेशी पाहुण्याचा केवढा अभिमान!

नुमान फ्लेक्सखाली बराच वेळ उभा राहिला. आपण काय करून बसलो ते इस्माईलला तेव्हा उमगलं. शिडी आणून त्यानं स्वतःच्या हातानं फ्लेक्स उतरवला. तोवर तो जुन्नरपासून आंबेगावापर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर स्टेटस होऊन बसला होता.

‘‘निघून जा बाबा,’’ घरी आल्यावर इस्माईल रडकुंडीला येऊन म्हणाला.

‘‘कुठं, चाचा?’’ नुमाननं विचारलं. ताजबीनं त्या दिवशी नवऱ्याचं ताट वाढलंच नाही.

आठवडाभर काहीच घडलं नाही, आणि त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. चहाच्या टपरीवर एक अनोळखी माणूस दोनदा दिसला. बैल घ्यायला आलेला वाटावा, पण बैलांकडं बघतच नव्हता.

बाजाराच्या दिवशी एक बैल आडवा पाडलेला, नुमान पाय धरून बसलेला, इस्माईल नाल ठोकत होता. तेवढ्यात वेशीशी पांढरी गाडी थांबली. साध्या कपड्यांतले दोघं उतरले आणि मोबाईलमधला फोटो लोकांना दाखवू लागले.

‘‘हा व्हय? आमचा नुमानभाऊच की!’’ जो तो कौतुकानं बोट दाखवत होता. ‘‘सरळ जावा, नालबंदाकडं.’’ एकानं तर गाडीला वाट करून दिली. धर्माजी स्वतः पुढं होऊन त्यांना घेऊन येत होता, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सत्कारच असणार, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

इस्माईलचा हातोडा वरच राहिला. ‘‘सोड पाय. पळ,’’ तो पुटपुटला.

बैल धडपडला. नुमाननं पकड आणखी घट्ट केली. ‘‘अर्धा नाल घेऊन उठला तर लंगडा व्हईल, चाचा. पुरं करा.’’

पावलं जवळ येत होती. इस्माईलनं खिळा टेकवला आणि हातोडा अगदी हलका मारला. मग आणखी हलका. जन्मात एवढ्या सावकाश त्यानं कधी नाल ठोकला नव्हता. डोळ्यांतल्या पाण्यानं खिळा दिसेनासा झाला होता, आणि हातात आता तो एकच उरला होता.