चार नंबरचं मशीन

कुठलंही मशीन उघडण्याआधी ते खिडकीच्या गजाला हात लावायचे. उजव्या हाताची चार बोटं, डावीकडून तिसरा गज, क्षणभरच. मग स्क्रू-ड्रायव्हर उचलायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, खिडकीसमोरच्या मारुतीला नमस्कार करत असतील. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं. तळोद्यातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांचा तोच समज होता.

मी मात्र एकदा धीर करून विचारलं.

"अंगमा वीज ऱ्हास माय," ते म्हणाले. "ती लोखंडले दी टाकानी, मंगच बोर्डले हात लावाना."

"आणि मारुती?"

"तो बी खूश, मी बी खूश."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. तापीकाठच्या गावात भावांची शेती होती, पण त्यांचं मन लहानपणापासून रेडिओ उघडण्यात. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी तळोद्यात पाच कॉम्प्युटर टाकून पोरांसाठी गेमचं दुकान काढलं होतं. मोबाईल आले तशी पोरं यायची थांबली. मग ते दुरुस्ती करायला लागले, दाखल्यांचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला लागले. माझी ओळख त्या अर्जांमुळेच झाली.

मी धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. घरी आम्ही पावरी बोलतो. अहिराणी मी तळोद्याच्या बाजारात ऐकून शिकले आणि मराठी शाळेत. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे अर्जातल्या प्रत्येक रकान्याची मला भीती वाटायची. पहिल्याच दिवशी मी वडिलांचं नाव आईच्या रकान्यात लिहिलं. आप्पांनी कागद माझ्याकडे वळवला.

"त्रिकोण देखा का?"

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी खणातून एक जळका प्रोसेसर काढून दाखवला. एका कोपऱ्यात तिळाएवढा सोनेरी त्रिकोण होता. बोर्डवरच्या खाचेलाही तसाच त्रिकोण असतो. दोन्ही जुळले की प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसतो, बोटाने दाबावा लागत नाही. न जुळवता दाबला, तर त्याच्या पोटाखालचे केसासारखे बारीक पाय वाकतात.

हे ते सगळ्याच बाबतीत म्हणायचे. कोणी घाईत रस्ता ओलांडायला लागला, तरी दुकानातून हाक यायची, "त्रिकोण देख रे!" एकदा शेजारच्या टेलरच्या मुलीला स्थळ आलं आणि टेलर सल्ला विचारायला आला. आप्पांनी तोच प्रश्न केला. टेलर वैतागला. "आप्पा, पोरगी देनी शे, चिप नई!"

"दोन्हीसले एकच नियम शे," आप्पा म्हणाले.

गेमच्या दिवसांतल्या पाच मशीनपैकी एकच उरलं होतं. चार नंबरचं. मोठा काळा डबा, पुढच्या पंख्याला निळा दिवा, वर पुसट झालेला चारचा आकडा. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता आणि जिंकणाऱ्या दहा जणांच्या नावांची यादी. ती पोरं आता मोठी झाली होती. पहिल्या नंबरवर होता तो आमच्या रस्त्यावर जीप चालवतो. मी घरी जाते ती बऱ्याचदा त्याच्याच जीपमधून. वळणावर तो अजून तसाच चालवतो, आणि मागे बसलेली आम्ही माणसं एकमेकांना धरून बसतो. दुसऱ्या नंबरवर होते ते तलाठी झाले आहेत. चांगले पोट सुटलेले, डोक्यावर विरळ केस. पण दुकानावरून जाताना गाडी थांबवून विचारायचेच.

"आप्पा, मन्हं नाव शे ना आजून?"

"शे, भाऊसाहेब. दुसरा नंबर. कोणी हालाडं नई."

तलाठी समाधानाने गाडी सुरू करायचे.

"तुमचं नाव कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

"मी नई खेळस," आप्पा म्हणाले. "हलवाई पेढा खास का?"

शेवटच्या वर्षाला मी प्रकल्प घेतला होता. आमच्या पावरीतले शब्द आईच्या आवाजात जमवायचे, शब्दावर बोट ठेवलं की तिचा आवाज ऐकू यावा. आईने पाचशेवर शब्द बोलून दिले होते, चुलीपुढे बसून, लाजत लाजत. पण कॉलेजच्या मशीनवर आमच्या वाट्याला दोन तास यायचे आणि आवाजांच्या फाइली उघडताना ते मशीन अडकून बसायचं. फेब्रुवारीपर्यंत काम झालं नाही तर वर्ष जाणार होतं. घरी हे कसं सांगायचं, तेच मला कळत नव्हतं. एक वर्ष मागे राहिलेली मुलगी आमच्याकडे पुन्हा कॉलेजला येत नाही.

मी काही मागायला गेले नव्हते. खरंच. फक्त सांगत होते. आप्पा ऐकत राहिले आणि मग चार नंबरच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "पेटी मन्ही, पोट तुन्हं."

म्हणजे डबा, पडदा, कीबोर्ड त्यांचा. आतला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि डिस्क मात्र बदलायची. ते सामान आप्पा सुरतेहून ओळखीच्या माणसाकडून वापरलेलं पण चांगलं मागवून देणार होते.

"पण ती यादी?" मी म्हटलं. यादी जुन्या डिस्कवर होती, तसली डिस्क रुंद पट्टीच्या वायरीने जोडायची असते आणि नव्या बोर्डला तशी जागाच नसते, एवढं मला तोवर त्यांच्याकडूनच कळलं होतं.

"जुना बोर्ड फुगी गया शे. दहा मिनिट बी चालस नई आते. पोरेसना नावं डब्बामा ठीसन काय करू? लोणचं घालू?" ते हसले. पण हात डब्यावरून काढला नाही.

सुरतेहून पार्सल आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी दुपारी धावत गेले, तर शटर अर्धं खाली. आतून आप्पांचा आवाज आला, "सकाळे ये माय. आज चार नंबरनी अन् मन्ही जराशी बोलनी शे." मागून एक गाडी जोरात वळल्यासारखा आवाज आला. रस्त्यावरची असेल, असं मला वाटलं. आप्पांना त्या मशीनपाशी एकटं बसायचं असेल, म्हणून मी परत फिरले.

दसऱ्याला गेले तेव्हा चार नंबर रिकामं झालं होतं. जुना बोर्ड वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला. टेबलावर पूजेची मांडणी : स्क्रू-ड्रायव्हर, डाग देण्याची कावी, मीटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. आप्पा हात धुवायला मागे जाताना म्हणाले, "तुन्हं नवं सामान बी ताटमा ठेव."

आता माझी चूक सांगते. त्यांना खोका ठेवायचा होता. मला मात्र वाटलं, पूजा पुठ्ठ्याची कशी करायची? आमच्याकडे नांगर असो, कोयता असो, वस्तूच पुजतात. मी प्रोसेसर प्लॅस्टिकमधून काढला, ताटातल्या तांदळावर ठेवला, त्याला हळद लावली, कुंकू लावलं. ताटातच एका बाजूला नारळ होता. ओवाळायला ताट उचललं आणि नारळ गडगडत येऊन बरोबर त्याच्यावर बसला.

आप्पा पंच्याला हात पुसत आले. नारळ उचलला, प्रोसेसर उलटा करून उजेडात धरला. जुनं काढून झालं होतं आणि नवं मी वाकवलं होतं.

"नारळ तर फुटना नई ना?" त्यांनी विचारलं.

मला रडू यायला लागलं.

"रडू नको. चार पाय वाकना शेत. मोडना एक बी नई. जाय, टेलरकडथीन बारीक सुई आन."

टेलरने सुई दिली ती टोमणा मारूनच. "काय, आप्पा आते गोधड्या शिवतस का?"

मग ते खिडकीशी बसले. आधी गजाला हात. चष्मा कपाळावर, उजव्या डोळ्याला भिंग. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता हे मला त्या दिवशी कळलं. "तठे नुसतं धुकं दिसस," ते सहज म्हणाले. सुईच्या टोकाने ते एकेक पाय केसाएवढा सरळ करायचे, थांबायचे, डोळा मिटून घ्यायचे, पुन्हा सुई धरायचे. मध्ये आपट्याची पानं द्यायला तीन-चार माणसं येऊन गेली. आप्पांनी मान वर न करता सगळ्यांना "ठेवा तठे" म्हटलं. चौथा पाय सरळ झाला तेव्हा देवळाच्या कळसावरचं ऊन खिडकीतून आमच्या टेबलावर आलं होतं.

त्यांनी हळदकुंकू कापसाने पुसलं आणि प्रोसेसर माझ्या तळहातावर ठेवला.

"तूच बठाड."

"मी? नको आप्पा."

"नारळ तू बठाडा, हाऊ बी तूच बठाड."

मी गजाला हात लावला. प्रोसेसर धरला.

"त्रिकोण देखा का?"

"देखा," मी म्हटलं. त्यांच्याशी अहिराणीत बोललेला तो माझा पहिला शब्द.

बोटं सोडली आणि तो खाली बसला. आवाजसुद्धा आला नाही. मी काहीच केलं नाही असं वाटावं, इतक्या सहज. पुढचं सगळं आप्पांनी जोडलं. बटण दाबल्यावर निळा पंखा फिरला, पडद्यावर अक्षरं आली. मी पेनड्राइव्हवर आणलेली फाइल लावली, आणि मशीनमधून वाजलेला पहिला आवाज माझ्या आईचा होता. पाणी हा शब्द.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी डिस्क दिली. "आते याले काही करू नको. काम व्हई जावू दे, मंग कधीतरी देखजो."

डोळ्याचं पुढे वाढलं. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा त्यांना सुरतेला घेऊन गेला. शस्त्रक्रिया झाली, पण मुलाने त्यांना परत पाठवलं नाही. फोनवर म्हणाले, "अठे खिडकीले गज नईत माय, काच शे. मन्हा हातले करमस नई." माझं काम फेब्रुवारीत वेळेवर झालं, ते मी त्यांना फोनवरच कळवलं. त्यानंतर फोन कमी झाले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. परवा मी तिथून गेले, तर खिडकीचे सगळे गज गंजलेले होते आणि डावीकडून तिसरा एका जागी चकचकीत होता.

त्याच आठवड्यात मी जुन्या डिस्कसाठी जोडणी आणली. गेम नव्या मशीनवर चालायला तीन दिवस लागले. शेवटी यादी उघडली. पहिला जीपवाला, होता तिथेच. दुसऱ्या ओळीत माझं नाव होतं.

मी तो गेम आयुष्यात कधी खेळले नव्हते.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवसाची ती दुपार आठवली. शटर अर्धं खाली, आत एका डोळ्यात धुकं घेऊन बसलेला तो माणूस, दहा मिनिटांत बंद पडणारं मशीन, आणि रस्त्यावरची समजून मी ऐकलेली ती गाडी.

तलाठी भाऊसाहेब आता तिसरे आहेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.