रूथमावशींचा वाकडा दुधी

कापणीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये जो तो आपल्या शेतातलं, परसातलं काहीतरी देवाला आणून वाहतो. उपासना संपली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. यंदा रूथमावशींनी आपल्या वेलाचा एकुलता एक दुधी आणला होता, तोही वाकडा. शेजारच्या दाऊदकाकांनी पहिलीच बोली अशी लावली, की तेवढ्यात टोपलीभर दुधी आले असते. पैसे देऊन त्यांनी दुधी पुन्हा लिलावासाठी टेबलावर ठेवला. मग तो दुसऱ्याने घेतला. त्यानेही परत ठेवला. बाजारात भाव पाडून मागणारी आम्ही माणसं इथे हसतखेळत भाव चढवत होतो. पैसा हातातून सुटताना माणसं इतकी मोकळी होतात, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. शेवटी काकांनी तो दुधी मावशींच्याच पदरात घातला. "भाजी करा, रूथबाई. आम्ही जेवायला येतो."

दुसऱ्या दिवशी तेच काका बाजारात दुधीवालीशी हुज्जत घालताना दिसले. मी म्हटलं, "काका, काल तर हात भलताच सैल होता!"

"आज दुधी विकत घेतोय," काका म्हणाले. "काल कुठे घेत होतो?"