बाल्टिकचा हाताने काढलेला नकाशा

बाबांना जाऊन दीड महिना झाला. त्यांच्याशी मी एक खोटं बोलले होते. आता ते त्यांच्याजवळ कबूल करता येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी बाल्टिक समुद्राच्या काठावर शिकत होते. तिथली जमीन अजून हळूहळू वर येते आहे. फार पूर्वी तिच्यावर बर्फाचा जाड थर होता. तो वितळला, ओझं उतरलं, पण जमिनीचं सावरणं अजून संपलेलं नाही. त्यामुळे कोळ्यांनी पाण्याला लागून बांधलेली होड्यांची लाकडी खोपटी आज पाण्यापासून लांब, गवतात उभी आहेत. आम्ही विद्यार्थी ती अंतरं मोजायचो आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून जुना किनारा टिपून घ्यायचो.

आई गेल्यापासून बाबा शाहपुऱ्याच्या तलावाकाठच्या घरात दिवसभर गप्प बसून असत. ते सिंचाई खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे नकाशे काढण्यातच सगळी नोकरी झाली. त्यांचं मन रमावं म्हणून मी मोजमापं पाठवली आणि म्हटलं, प्रबंधासाठी नकाशा काढून द्या.

दोन दिवसांनी फोन. "हा समुद्र मागे का चाललाय गं? आपल्या तलावासारखे काठावर भराव घालून प्लॉट पाडलेत की काय कुणी?"

"समुद्र नाही बाबा, जमीन वर येतेय."

"म्हणजे दर थोड्या वर्षांनी नवा नकाशा. ड्राफ्ट्समनची नोकरी पक्की!"

ते कितीतरी दिवसांनी हसले होते.

अख्खा हिवाळा त्यांनी ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने काम केलं. नकाशा पत्र्याच्या नळीतून माझ्याकडे आला तोवर वर्गातल्या एका मुलाने दोन दिवसांत संगणकावर नकाशा करून दिला होता. प्रबंधात तोच गेला.

"बसला का पानात?" बाबांनी विचारलं.

"बसला."

"बारीक अक्षरं वाचता येतात?"

"येतात, बाबा."

तेराव्यानंतर त्यांच्या ऑफिसातले एक काका भेटायला आले. दोघांची टेबलं शेजारी असत. एकाने काढायचं, दुसऱ्याने तपासून कोपऱ्यात सही करायची, त्याशिवाय नकाशा बाहेर जायचा नाही, अशी तिथली रीत. चहा हातात घेत काका म्हणाले, "ते प्रबंधाचं पुस्तक आणलंस का बेटा? माझी सही आहे त्या नकाशावर. तो म्हणायचा, छापून आलाय, पोरगी आली की दोघं बघू."

बाबांनी त्यांना असं सांगितलंय, हे मला माहीतच नव्हतं.

"नाही छापला, काका."

"सरांना पसंत नाही पडला?"

हो म्हणणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"सरांना दाखवलाच नाही. सगळ्यांचे नकाशे संगणकावरचे. माझाच हाताने काढलेला. मला लाज वाटली."

काकांनी विचारलं, "त्याला कळलं होतं?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले. त्यांनी रागवावं असं मला फार वाटत होतं. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "किनाऱ्याच्या त्या एका रेषेसाठी तीनदा कागद बदलला त्याने. हात थरथरायचा ना."