अटकलास कुठे, ते सांग

कविता वाचून झाली की सर पुस्तक मिटायचे, चष्मा काढून त्यावर ठेवायचे आणि वर्गाला विचारायचे, “हां भिया, अटके कहाँ?”

समजलं का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “समजलं का म्हटलं की सगळी पोरं मुंडी हलवतात. आपण पण हलवायचो ना? अटकलास कुठे म्हटलं की खरं बोलावं लागतं.”

मी मान हलवणाऱ्यांपैकीच होते, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागलं.

इंदूरला राजेंद्र नगरजवळच्या एका खाजगी शाळेत मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा सर तिथे विभागप्रमुख होते. सुदामा नगरहून जुन्या स्कूटरवर यायचे. डिकीत डबा, डब्यात भाजी कोणतीही असो, वर शेव. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत आणि लगेच पुढे म्हणत, “अक्षर मात्र माझ्यापर्यंत पोचलं नाही.” ते खरंच होतं. त्यांनी फळ्यावर लिहिलेलं वाचायला पहिल्या बाकावरच्या मुली लागत.

मला त्यांनी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी मानपुरची, म्हणून मी ‘मानपुर’. “काय मानपुर, पोहे झाले?” अशी आमची सकाळ सुरू व्हायची.

मानपुरात आमचं पंक्चरचं दुकान आहे, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, वडील टायर जोडतात. घरात बी.ए. झालेली मी पहिली. नोकरी लागली तेव्हा वडील थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगायचे, “मेरी बेटी इंदौर में अंग्रेजी पढ़ाती है.” पंजाबचा, नाशिकचा, कुठलाही ड्रायव्हर असो, टायर निघेपर्यंत त्याला हे ऐकावंच लागे. पण पहिलं वर्ष परीक्षेचं होतं. मार्चमध्ये सरांचा अहवाल जाणार आणि त्यावर कायम करायचं की नाही ते ठरणार. नाही झाले तर मानपुरला परत, आणि त्या सगळ्या ट्रकवाल्यांना वडील काय सांगणार, हा विचार मला रोज शाळेच्या फाटकापाशी यायचा.

त्यामुळे मी चुका न करण्याचा एक पक्का उपाय काढला होता. माझी स्वतःची शाळेतली वही. खाकी कव्हर घातलेली, आईने पेटीत जपून ठेवलेली. आमच्या मास्तरांनी मानपुरात लिहून दिलेला प्रत्येक धड्याचा सारांश, मध्यवर्ती कल्पना, कठीण शब्द, सगळं तीत होतं. त्या वहीवर मी पास झाले, कॉलेजात गेले, शिक्षिका झाले. पाठ्यपुस्तकातले बरेच धडे तेच होते. मी वही उघडायची, मुलं लिहून घ्यायची. वर्ग शांत असायचा. मला वाटायचं, छान चाललंय.

सरांचा वर्ग शेजारीच. तिथून सतत आवाज.

ते कविता तीनदा वाचत. पहिल्यांदा मुलांची पुस्तकं बंद. दुसऱ्यांदा उघडी. तिसऱ्यांदा मुलांपैकी कोणीतरी वाचायचं, तेही सगळ्यात अडखळणारं. मग एक मिनिट कोणी बोलायचं नाही. त्यानंतर प्रत्येकाने पेन्सिलीने आपण जिथे अडकलो त्या जागी गोल करायचा आणि वेगळ्या कॉपीत उतरवायचं. आमच्याकडे वहीला कॉपीच म्हणतात. तिचं नाव मुलांनी पाडलं होतं ‘अटकायची कॉपी’. सरांकडेही एक होती, लाल कापडी पाठीची. तेही मुलांबरोबर लिहायचे. नवीन मुलांना आधी वाटायचं, सर नाटक करतायत.

गाईड त्यांनी कोणाचं जप्त केलं नाही. उलट म्हणायचे, “काढ ना बाहेर. लाजतोस काय. आता शोध, हा गाईडवाला कुठे अटकलाय.” मुलगा पानं चाळायचा. “कहीं नहीं अटका सर.” “मग त्याने वाचलंच नाही, भिया. लिहूनच टाकलं.”

एकदा बर्फावरची कविता होती. आमच्या मुलांनी बर्फ बघितलेला म्हणजे उसाच्या रसातला. सरांनी रसवाल्याकडून एक मोठा तुकडा पोत्यात गुंडाळून आणला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हात लावा आणि सांगा. ठंडा हा शब्द मात्र नाही वापरायचा.” मुलं गोंधळली. एकाने हात ठेवला, तसाच ठेवला, आणि ओरडला, “सर, जल रहा है!” “हां,” सर म्हणाले, “आता उघडा कविता.” हजेरीचं रजिस्टर पार भिजलं. सफाईच्या बाई पुसायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “सरजी, कल आग की कविता हो तो पहले बता देना.”

त्यांच्यात खोडी नव्हत्या असं नाही. मीटिंगमध्ये ते सरळ झोपायचे. फिजिक्सच्या सरांशी त्यांचं वर्षानुवर्षं पंख्याच्या स्पीडवरून भांडण होतं. आणि कौतुक तर त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. कोणी कितीही चांगलं लिहिलं तरी कोपऱ्यात एक शब्द: ‘ठीक’. मुलं तो शब्द घरी दाखवायला घेऊन जायची.

सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि विभागप्रमुख म्हणून सरांनी माझ्या नववीच्या गठ्ठ्यातले पाच पेपर फेरतपासणीला काढले. दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसले. हातात एक पेपर आणि पाठ्यपुस्तक.

पेपर निकिताचा होता. धडा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा. आयुष्यभर स्टेशनवरची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस शेवटी फलाटावरच्या बाकावर बसतो आणि डोळे मिटतो. शेवटी त्याचं काय होतं, असा प्रश्न मी घातला होता. सगळ्या वर्गाने लिहिलं होतं, म्हातारा मरतो, गोष्ट एकाकीपणाची आहे. माझ्या वहीतलं वाक्य, जसंच्या तसं. एकट्या निकिताने लिहिलं होतं की तो मरत नाही, उठून खिडकीवर तिकीट मागतो. मी त्यावर लाल काट मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘नोट्स नीट वाच.’

“मानपुर,” सर म्हणाले, “हे शेवटचं पान जरा मोठ्याने वाच. मला ऐकायचंय.”

मी वाचू लागले. म्हातारा बाकावर बसला, डोळे मिटले. माझ्या वहीत गोष्ट इथे संपत होती. आमच्या वेळच्या पुस्तकातही इथेच संपत होती. नव्या पुस्तकात पुढे दीड पान होतं. गाडीची शिट्टी होते. म्हातारा डोळे उघडतो. उठतो. कोट झटकतो.

तिथे मी थांबले. मी सहा महिने शिकवत असलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं.

“अटकलीस?”

“हो सर.”

“बरं झालं. आता काम सुरू.”

मी विचारलं, “सर, हे अहवालात लिहाल?”

“लिहीन ना. झालंय ते लिहिणार.” ते उठले. “पण पूर्ण कुठे झालंय अजून? उद्या तुझा पिरियड आहे.”

त्या दिवशी मी मानपुरला फोन केला नाही. आई रोज विचारायची, “वर्ग कसा झाला?” आणि मी रोज म्हणायची, “छान.” त्या दिवशी ते म्हणवणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर सर शेवटच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला बसलेले. गुडघे बाकात मावत नव्हते. समोर लाल पाठीची कॉपी. मी घरून दोन-तीन वाक्यं जुळवून आणली होती: पुस्तकाची आवृत्ती बदलली वगैरे. ती मी बोलायला लागले आणि मला स्वतःलाच ती ऐकवेनात. मी खाकी वही टेबलावर ठेवली आणि सांगितलं, “ही माझी शाळेतली वही आहे. मी तुम्हाला हिच्यातून शिकवत होते. या धड्याचं शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं. निकिताने वाचलं होतं. तिचं उत्तर बरोबर होतं, काट माझी चूक होती.”

मग मधल्या रांगेतून एक मुलगा हळूच म्हणाला, “मैडम, मतलब हम सबने बुड्ढे को फोकट में मार दिया?”

सगळे हसले. मीही हसले, आणि माझ्या लक्षात आलं की या वर्गात मी पहिल्यांदाच हसतेय.

निकिता मात्र हसली नाही. ती म्हणाली, “मैडम, मैंने भी बाद में काटकर वही लिखने का सोचा था. सबने मरा हुआ लिखा था ना.”

आम्ही पुस्तकं उघडली. मी ते दीड पान वाचलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा निकिताने वाचलं. मग एक मिनिट आम्ही सगळे गप्प बसलो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर आला.

“मॅडमजी, मी अटकलो.”

“कुठे सर?”

“हा तिकीट मागतो. कुठलं?”

मी पान पाहिलं. गोष्टीत गावाचं नाव नव्हतं. माझ्या वहीत तर ही ओळच नव्हती. सारा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि अहवाल लिहिणारा माणूस पेन उघडून बसला होता.

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

आणि मग काय झालं ते तुम्हाला कसं सांगू? बारा-पंधरा हात वर आले. बहिणीच्या गावाचं. बायकोच्या माहेरचं. तिकीट नकोच असेल, फक्त खिडकीवरच्या माणसाशी बोलायचं असेल. दोघं बाकावर उभी राहून भांडू लागली. शेजारच्या वर्गातून फिजिक्सचे सर येऊन बघून गेले. इतका आवाज माझ्या वर्गातून कधी गेला नव्हता. घंटा झाली तरी कोणी उठेना.

त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या वर्गाने पुन्हा लिहिलं. कोणतीही दोन उत्तरं सारखी नव्हती. तपासायला मला तीन दिवस लागले.

मार्चमध्ये प्राचार्यांनी मला बोलावलं. सर तिथेच बसलेले. अहवाल टेबलावर होता आणि त्यांचं ते अक्षर असूनही मला उलट्या बाजूने वाचता आलं: ‘एक चूक झाली. वर्गासमोर कबूल करून सुधारली. कायम करावं.’

प्राचार्य म्हणाले, “सर, ये पहली लाइन की क्या जरूरत थी?”

“ती काढली तर पुढच्या दोन कोण मानेल, साहेब?” सर म्हणाले.

त्या रविवारी मी मानपुरला गेले. वडील एका ट्रकचं चाक खोलत होते. मी सांगितलं, कायम झाले. त्यांनी पाना खाली ठेवला नाही, फक्त ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, “सुना?”

सर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होतील. मुलाकडे बेंगळुरूला असतात. निरोपाच्या दिवशी भाषण करायचं म्हणून उभे राहिले, सगळ्यांकडे बघितलं, म्हणाले, “अटकलो,” आणि बसले. जाताना लाल पाठीची कॉपी माझ्या हातात दिली. “मानपुर, यात जागा आहे अजून.”

घरी येऊन उघडली. अक्षर लागायला वेळ लागला. कवितांच्या ओळी, समोर प्रश्नचिन्हं. कुठे कुठे मुलांची उत्तरं, शेजारी त्यांची नावं. घड्याळजीच्या धड्याचं पानही सापडलं. वर लिहिलं होतं, ‘तिकीट कुठलं?’ खाली त्या दिवशीची उत्तरं, एकाखाली एक. पण सगळ्यात पहिली ओळ अशी होती: ‘मानपुर म्हणाली, माहीत नाही.’ आणि तिच्यापुढे, कोपऱ्यात, एकच शब्द.

ठीक.

मी ते पान आईला दाखवायला घेऊन गेले.

गेल्या आठवड्यात नववीला तोच धडा होता. तीनदा वाचून झाला, मिनिटभर शांतता झाली, आणि मी सवयीने शेवटच्या बाकाकडे, खिडकीच्या बाजूला पाहिलं. तिथे आता दोन मुली बसतात. त्यातल्या एकीने, जी कधी बोलत नाही, हात अर्धा वर केला.

“मैडम, मैं अटक गई. टिकट कहाँ का?”

“मला नाही माहीत. तुला काय वाटतं?”

तिने पुस्तकाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं.

“जहाँ उसकी सुधारी हुई कोई घड़ी अभी भी चल रही हो,” ती म्हणाली, “वहाँ का.”

मी लाल पाठीची कॉपी काढली. त्या पानावर तळाशी एकच ओळ मावेल एवढी जागा उरली होती. तिचं उत्तर लिहिलं, शेजारी तिचं नाव लिहिलं, आणि पान उलटलं.