भावकीतलं खोटं सुतक

१६ जुलै, गुरुवार. दोन दिवस पाऊस उघडला होता, म्हणून डब्यातला सुका जवळा काढून मागच्या पडवीत चाळायला बसले. जवळ्यात रेती असते, बारीक शिंपले असतात, आणि दमट झाला की त्याचा वास बदलतो. वेळेवर चाळून, भाजून ठेवला नाही तर सगळा फेकायची पाळी येते. माझी मुलगी शेजारी मोबाईल घेऊन बसली होती. नववीतली मुलगी गुरुवारी सकाळी घरी कशी, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. आमच्याकडे सुतक होतं.

सुतक नव्हतं. कोणी गेलं नव्हतं. त्या दिवशी शाळेत मुलींना लस टोचणार होते आणि ती आम्हाला नको होती, एवढंच.

आमचं गाव कोपरच्या बाजूला खाडीकडे आहे. गाव म्हणायचं ते सवयीने. चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि मधे आमची घरं. गावातली बहुतेक माणसं एका आडनावाची, एका भावकीची. भावकीत कोणी गेलं की सगळ्यांना सुतक. पालिकेच्या शाळेत मुलींच्या वर्गात अर्ध्या तरी आमच्याच घरांतल्या.

आदल्या शनिवारी वर्गाच्या बाईंनी सगळ्या आयांना बोलावलं होतं. बाई साताऱ्याकडच्या, कडक. सातवीनंतर शाळा सोडवायला निघालेल्या दोन घरांत जाऊन त्या ओट्यावर ठाण मांडून बसल्या होत्या आणि पोरींना परत वर्गात आणलं होतं. त्यामुळे त्यांच्यासमोर कोणाची जीभ उचलत नाही. त्यांनी सांगितलं, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून लस आहे, सरकार मोफत देतंय, चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींना. पंधरा पूर्ण झाली की मोफत नाही. मग विचारलं, "कोणाला काही शंका?"

कोणालाच नव्हती. सगळ्यांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. मीही केली. शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर मात्र शंकांना ऊत आला.

"फुकट कनाला देतील गो?" माझी धाकटी जाऊ म्हणाली. ती शेजारच्याच घरात राहते, तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. "दुकानात इतकी महाग सुई, आणि आपल्याला फुकट? काहीतरी असणार."

"फक्त पोरींनाच का?" दुसरी म्हणाली.

"पुढे पोरं होत नाय त्याने. मोबाईलवर आलंय, एक डॉक्टरीण बोलतेय."

ती डॉक्टरीण मीही ऐकली होती. ती कुठली, कोण, काही सांगत नव्हती, फक्त घाबरवत होती. जी बाई स्वतःचं नाव-गाव सांगत नाही तिला मी खोलीसुद्धा भाड्याने देणार नाही. तेव्हा तिच्यावर माझा विश्वास नव्हता. पण सरकारवर होता असंही नाही. आमच्याकडे दवाखान्याची इमारत आधी उभी राहिली आणि डॉक्टर किती तरी वर्षं आलाच नाही. रात्रीअपरात्री काही झालं की पुढे पाठवतात, पुढचे आणखी पुढे. शाळेत गणिताला शिक्षक नव्हता तेव्हा अर्ज घेऊन आम्हीच ठाण्याला खेपा घातल्या. जे हक्काचं मागितलं ते मिळायला अशी तऱ्हा, आणि जे मागितलं नव्हतं ते दारात घेऊन आले, तर मनात पाल चुकचुकणारच. मी हे आजही मागे घेत नाही.

म्हणून सोमवारी स्टेशनाजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारायला गेले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "लस उत्तम आहे, द्याच." मला हायसं वाटतंय तोवर पुढे म्हणाले, "पण तिकडची नको. माझ्याकडे घ्या. तिकडे फ्रिजमधून काढलेली कधी, कोणाला ठाऊक." आणि किंमत सांगितली. मी उठले. लस चांगली असं सांगणारा माणूस विकायला बसलेला, आणि वाईट असं सांगणारी बाई निनावी. विश्वास ठेवायचा कोणावर?

सुतकाची कल्पना जावेची. "तोंडावर नाय म्हणायला बरं नाय वाटत बाईंना. त्यापेक्षा सांगू, मुरबाडकडे भावकीतला म्हातारा गेला. सुतकात सुई नको."

"सुतकात सुई चालत नाही हे कुठल्या शास्त्रात?" मी विचारलं.

"बाईंना कुठे ठाऊक आहे आपलं शास्त्र?"

मला ते आवडलं नाही, पण मी अडवलंही नाही. मला विचार करायला वेळ हवा होता, आणि वेळच तर नव्हता. माझी मुलगी पुढच्या बुधवारी पंधरा पूर्ण करणार होती. जावेच्या मुलीला अजून आठ महिने होते, तिचं निभावलं असतं. माझं तसं नव्हतं. लस द्यायची असेल तर हाच आठवडा, नाहीतर डॉक्टरांचं दुकान. हे मी जावेला बोलले नाही. गुरुवारी सकाळी तिने बाईंना फोन केला आणि रडक्या आवाजात म्हातारा मारला. मी मुलीला घरी ठेवलं, भावकीतल्या बाकीच्या आयांनीही आपापल्या मुलींना ठेवलं.

"मला कोणी विचारलंच नाही," मुलगी जवळ्याच्या वासाने नाक मुरडत म्हणाली.

"काय विचारायचं?"

"हात माझा आहे ना?"

"हात तुझा, पण डोकं अजून माझं चालतं या घरात. चाळणी धर."

भावकीचं जाळं मोठं, हे आम्ही विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो, त्याच्या जिवावरच तर थाप मारली होती, पण ते आमच्यावर उलटेल हे डोक्यात आलं नाही. शाळेत लस द्यायला नेहमीची सिस्टर यायची होती. तिने ऐनवेळी रजा टाकली, म्हणून पालिकेने कल्याणहून दुसरी पाठवली. ही दुसरी आमच्याच भावकीतली सून. खाडीकडचं शेवटचं घर तिचं. सकाळी लवकर निघते, अंधार पडल्यावर येते, त्यामुळे गावातल्या बायकांच्या बैठकीत ती कधीच नसते.

पुढचं मला नंतर तिच्याकडूनच कळलं. ती लसीची पेटी घेऊन वर्गात गेली, तर अर्धे बाक रिकामे. बाईंनी तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि फार हळहळून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला सुतकातसुद्धा रजा दिली नाही का हो?"

सिस्टरच्या घरी तिचे चुलत सासरे वर्षभर अंथरुणाला खिळलेले. तिला वाटलं, गेले. बाईंसमोरच तिने घरी सासूला फोन लावला. "कोण गेलं? मला का नाही कळवलं?"

सासूला ऐकायला कमी येतं. तिला एवढंच कळलं की कोणीतरी गेलंय आणि शाळेपर्यंत बातमी पोचलीय. तिचा तो आजारी दीर तर समोर पेज पीत होता, मग माहेरचा भाऊच गेला असं तिने धरलं. फोन तसाच टाकून ती गळा काढत गल्लीत आली.

पडवीत आम्हाला पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला. "कोन गेला गो? मना कोनी सांगला का नाय!" मी चाळणी टाकून धावले. दारादारातून बायका बाहेर आल्या. एकीने तिला धरलं, दुसरीने पाणी आणलं, तिसरी जाऊन स्वतःच्या चुलीवरचं कालवण उतरवून आली. खोटं माहीत असलेल्या बायकासुद्धा क्षणभर चरकल्या, खरंच कोणी गेलं की काय. आजारी दीर काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आला. इतक्या महिन्यांत तो प्रथमच उठलेला दिसला. "मेला कोन?" त्याने विचारलं.

जाऊ पदर तोंडावर घेऊन उभी. हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं.

"कोणी नाही मेलं," मी म्हटलं. "चुकीचा निरोप आला. सगळ्यांनी घरी जा. कालवण परत ठेवा."

म्हातारीला माहेरी फोन लावून दिला, भाऊ स्वतः बोलला तेव्हा ती थांबली. मग म्हणाली, "मंग ह्यो निरोप दिला कोनी?" गल्ली झटकन रिकामी झाली.

संध्याकाळी सिस्टर सरळ माझ्याकडे आली. युनिफॉर्मवरच.

"ताई, मला सुतक लावलंत?"

"मी नाही लावलं."

"थांबवलं पण नाहीत. माझी सासू मेली असती आज."

मी तिला चहा टाकला आणि विचारायचं ते विचारून घेतलं. अशी माणसं रोज हाती लागत नाहीत.

"तुला मुलीमागे पैसे मिळतात?"

"मला पगार मिळतो. तुमच्या पोरीने घेतली काय, नाही घेतली काय, तोच."

"पेटी किती वेळ उघडी असते?"

"बर्फावर असते. कुपीवर खूण असते, गरम झाली तर रंग बदलतो. बघायचं असेल तर दाखवते."

"मग फुकट का?"

"विकत किती जणी घेतील? तुम्ही घ्याल?"

"मी विचारतेय."

"मी पण विचारतेय," ती म्हणाली. जीभ तिखट होती तिची.

"पोरं होत नाहीत म्हणतात."

"मोबाईलवाली बाई ना? तिचा आवाज मी कल्याणमध्ये रोज ऐकते. तसं काही नाही."

"आणि आणखी तीस वर्षांनी काय होईल?"

तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तीस वर्षांचं मला माहीत नाही, ताई. मला इतकं माहीत आहे की हात दुखतो, एखादीला कणकण येते, एखादी चक्कर येऊन बसते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवतो. आणि ज्या बायका तो कॅन्सर घेऊन आमच्याकडे येतात त्या फार उशिरा येतात. ते मी बघितलंय."

त्या आठवड्यात लसीबद्दल जितके जण बोलले होते त्यांतलं 'माहीत नाही' म्हणणारं हे पहिलंच माणूस. बाईंना सगळं माहीत होतं, डॉक्टरांना सगळं माहीत होतं, मोबाईलवाल्या बाईला तर जरा जास्तच. मी काही लगेच विरघळले नाही. पण कान टवकारले.

"उद्या कुठे असतील तुमच्या पेट्या?"

"उद्या दुपारपर्यंत आरोग्य केंद्रात. शाळेत राहिलेल्यांना तिथे या म्हणून सांगितलंय. सोमवारपासून दुसऱ्या वॉर्डात." ती उठली. "तुमची बुधवारी पंधरा पूर्ण करतेय. वर्गाच्या नोंदीत बघितलं मी. म्हणूनच आले, भांडायला नाही. भांडायला जावेकडे जाणार आहे."

आणि गेली. भिंतीपलीकडून बराच वेळ आवाज येत होता, ते भांडण चांगलं झालं.

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "आता विचारते. घ्यायची?"

"तू घेतली असतीस?"

"आम्हाला कोणी दिलीच नव्हती."

"ते उत्तर नाही."

"घेतली असती," मी म्हटलं. "पण पेटी बघून."

"मग मी पण पेटी बघून."

जावेला रात्री विचारलं. ती सिस्टरवर अजून धुमसत होती. "तुझ्या पोरीला आधी टोच. आमची नंतर बघू, आम्हाला वेळ आहे."

"माझी पोर म्हणजे तुझं सँपल?"

"मोठी आहेस तू. आधी मोठ्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला पोटभर न्याहारी करायला लावून मी तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तिथे आमच्या गल्लीतल्या तिघी पोरींना घेऊन आधीच आल्या होत्या. एक म्हणाली, मी बीपी तपासायला आले. दुसरी म्हणाली, ही सोबत आली. तिसरी खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, "मी लस द्यायला आलेय." मग त्या सरकून बसल्या आणि मला जागा दिली.

सिस्टरने पेटी उघडून दाखवली. मी कुपीवरची खूण बघितली, मुदत वाचली, नंबराचा फोटो काढला. पुढे काही विचारायची वेळ आली तर हातात काहीतरी असलेलं बरं. सुई पाकिटातून माझ्यासमोर काढली. मुलीने डोळे मिटले नाहीत, मीही नाही.

बाकावर बसल्यावर मी बाईंना फोन करून सांगितलं की आमच्याकडे कोणी गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी आज भेटायला येणार होते तुमच्याकडे." मी म्हटलं, "या ना. चहाला या."

जरा वेळाने सिस्टर म्हणाली, "ठीक दिसतेय ती, ताई. गर्दी वाढतेय, निघालात तरी चालेल."

"अर्धा तास म्हणालीस ना?"

"हो, पण..."

"मग अर्धा तास," मी म्हटलं, आणि आम्ही मायलेकी तिथेच बसून राहिलो.