मास्तरणीच्या पाठीवरची जखम

मास्तरीण ही आमच्या शेजारच्या घड्याळजींच्या सुनेची कोंबडी. पांढरी, मान ताठ, चार पावलं टाकून थांबणार आणि बाकीच्या तिघींकडे डोळे वटारून बघणार, म्हणून घड्याळजींनीच हे नाव ठेवलं. सुनेला ते फारसं रुचलं नव्हतं, कारण ती स्वतः शाळेत शिकवते.

घड्याळजी माझ्या यजमानांचे मित्र. सत्तेचाळीस वर्षं त्यांनी एका जिन्याखालच्या दुकानात घड्याळं दुरुस्त केली. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर यांना उठून बाहेर यावं लागे. लोक मोबाइलवर वेळ बघू लागले तेव्हा दुकान बंद झालं आणि ते मुलाकडे राहायला आले. मुलगा नोकरीसाठी परगावी, घरात सासरा आणि सून. रिकामे हात त्यांना सोसेनात. त्यांनी मिक्सर उघडला, परत जोडला, तर दोन स्क्रू उरले. "कंपनीनेच जास्तीचे लावले होते," असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून सून म्हणे, "बाबा, तुम्ही फक्त बसा."

त्याच सुनेने, आठवडाभराच्या प्रशिक्षणाला जाताना, सोमवारी कोंबड्या त्यांच्या हवाली केल्या. ते राहायला आल्यापासूनच्या दोन वर्षांत स्वतःचं काही त्यांच्यावर सोपवण्याची ही तिची पहिलीच वेळ.

मंगळवारी सकाळी साडेसहाला कुंपणापलीकडून हाक आली. "वहिनी, जरा या हो! मास्तरणीला काहीतरी झालंय."

खुराड्याची जाळी खालच्या कोपऱ्यात वर उचकटलेली होती. अंगणभर पिसं. मास्तरीण धुण्याच्या दगडामागे उभी होती, न ओरडता, नुसती डोळे मिचकावत. पिसं बाजूला केली तेव्हा पाठीवर बंद्या रुपयाएवढी कातडी सोललेली दिसली.

"मुंगूस?" मी विचारलं.

"मुंगूस असतं तर मान धरली असती. मांजर असती तर उचलून नेली असती. कुत्रा असता तर आपण पिसंच वेचत बसलो असतो." त्यांनी जाळीचं उचकटलेलं टोक बोटाने दाबून पाहिलं. "मग होतं तरी कोण?"

"आधी सूनबाईला फोन करा, भाऊजी."

"शनिवारी येतेय ना ती? तोवर बरी करतो. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?"

घोर कुणाच्या जिवाला लागला होता ते उघड दिसत होतं.

जनावरांचे डॉक्टर रविवारपर्यंत रजेवर. त्यांच्या मदतनीसाने फोनवर जे सांगितलं ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं: उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, भोवतालची पिसं कापा, जखमेचं तपकिरी औषध पातळ करून लावा, माश्या बसू देऊ नका. इतर कोंबड्यांपासून लांब ठेवा, लाल दिसलं की त्या टोचतात.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला आणि मला कोंबडी पालथी धरायला सांगितलं. मातीचा एकेक कण त्यांनी असा उचलला की मास्तरणीने हूं की चूं केलं नाही. दुकान बंद झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मग टीव्हीच्या खोक्यात जुनी चादर घालून तिला ठेवलं आणि वर मच्छरदाणी टाकली.

बुधवारी जखम कोरडी. गुरुवारी स्वच्छ खपली. पण मास्तरीण दाण्याला तोंड लावेना, एका बाजूला कलून बसू लागली आणि खोक्याला वास येऊ लागला. त्यांनी चादर बदलली, खोकं बदललं, दाणे बदलले.

"वहिनी, तुम्ही तिच्याकडे जरा कमी बघा. ती बुजते."

"आता माझी नजर लागली का तिला?"

"तसं नाही हो. पण जखम सुधारतेय आणि कोंबडी बिघडतेय, हे कसलं गणित?"

संध्याकाळी सुनेचा फोन आला. मास्तरीण अंडी देतेय ना, असं तिने विचारलं. "बाकीच्या देतायत की," ते म्हणाले आणि घाईघाईने तिकडच्या हवेची चौकशी करू लागले.

शुक्रवारी त्यांचा धीर सुटला. "आतल्या आत काहीतरी बिघडलंय. पण उघडायचं कुठून?"

शनिवारी चारला सून आली. तिने बॅग खाली ठेवायच्या आतच ते खोक्यापुढे जाऊन उभे राहिले. "मंगळवारपासून असं आहे. मी तुला सांगितलं नाही."

वाकून तिने कोंबडी उचलली, छातीखाली हात घालून, लेकरू उचलावं तशी. हात ओला निघाला.

"बाबा, हे खाली काय आहे?"

डाव्या पंखाखाली, पोटाकडे दोन भोकं होती, पुवाने भरलेली.

"अगं, पण मी रोज दोनदा बघत होतो!"

"पाठ बघत होतात."

"घड्याळ मागूनच उघडतात," ते पुटपुटले.

"हे घड्याळ नाही, बाबा. तोंडात धरलं की वरचे दात पाठीत आणि खालचे पोटात."

त्यांनी स्वतःचा हात वर धरला, चार बोटं वर, अंगठा खाली, आणि तो दोनदा मिटून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. मीसुद्धा पाच दिवस तिथेच होते.

सुनेने कोंबडी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. "बसा. भिंग लावा. मी धरते."

साफ करायला अर्धा तास लागला. सोमवारी डॉक्टरांनी औषध दिलं. बुधवारी मास्तरणीने घड्याळजींच्या तळहातावरचे दाणे खाल्ले आणि शेवटी बोटालाही टोचलं. पण सून लपवाछपवीबद्दल चकार शब्द काढेना. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

रविवारी सकाळी ते कुंपणाशी आले. "वहिनी, पुढच्या महिन्यात ती पुन्हा चार दिवस जाणार आहे. म्हणाली, कोंबड्या तुम्हीच बघा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? हा विश्वास आहे की टोमणा, तेच कळेना. तुम्हांला काय वाटतं?"

"भाऊजी, मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही हो म्हणून टाका."