वाटीतलं पाणी

बाळाला उचलायच्या आधी ती त्याला विचारायची, "उचलू का रे तुला?" तासाभराच्या जिवाला काय कळणार! पण ती क्षणभर थांबायची आणि मगच हात लावायची. बाळंतिणी पदराआड हसत. तुम्हीही हसला असतात.

कांदिवलीच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात मी कारकून होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. "काय ग्रॅज्वेट, जेवलात का?" अशी तिची हाक यायची. माझं लग्न ठरल्यावर चार चाळी पालथ्या घालून खोली तिनेच मिळवून दिली. ती तिथली नर्स; मनोरीची, ख्रिस्ती. सगळे तिला नुसतं सिस्टर म्हणत.

तिच्या श्रद्धेप्रमाणे मरणाऱ्या तान्ह्याच्या कपाळावर पाणी घालून प्रार्थना म्हटली की ते देवापाशी पोचतं. अशा वेळी फादरच हवा असं नाही, नर्सलाही ते करता येतं. पाणी न घातलेलं मूल कुठे जातं, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

आमची मालवणी आया तिला म्हणे, "गो बाय, गुपचूप घाल मां. कोण बघता?"

"आईबापाला न विचारता घातलं तर ती चोरी ना!"

म्हणून ती विचारायची. बहुतेक जण नाही म्हणत. मग दिवसभर ती त्या रिकाम्या पाळण्यापाशी घुटमळत राही.

आमची मुलगी तिथेच, सातव्या महिन्यात झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास अडकू लागला. बायको तापात बरळत होती. सिस्टर वाटीत पाणी घेऊन माझ्यासमोर आली.

"भाऊ, डॉक्टरांनी हात टेकले. घालू? पुढचं सगळं तुमच्या रीतीनं करा."

दाराशी गावाहून आलेली माझी आई बसली होती. तिने नुसती मान वर केली.

"नको," मी म्हणालो.

सिस्टरने वाटी खिडकीत ठेवली आणि मुलीला उराशी धरून बसली. तिची ड्यूटी दोनला संपली. मध्ये एकदाच म्हणाली, "भाऊ, अजून वेळ आहे." मी आईकडे बघितलं. साडेचारला मुलगी गेली.

आठ दिवसांनी सिस्टर माझ्या टेबलापाशी आली. "राजीनामा लिहून द्या. राग नाही हो तुमच्यावर. पण ती कुठे असेल, हेच डोक्यात येतं. आता बाळ हातात घेववत नाही."

मी कागद घेतला.

"कारण लिहावंच लागतं?"

"लागतं."

"मग घरगुती लिहा."

मी लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं.

"घर कुणाचं, ते लिहावं लागत नाही ना?"

"नाही."

तिने सही केली, डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि गेली. पुन्हा ती आम्हाला दिसली नाही. बायको अजून विचारते, एवढी चांगली सिस्टर, अशी एकाएकी का गेली? मी म्हणतो, घरगुती कारण होतं.